नळाच्या पाण्यातील गुपित

रुग्णालयात गेलेल्या प्रत्येकाने एक दृश्य पाहिलेले असते. खाटेवर रोगी निपचित पडलेला असतो. त्याच्या उशाशी एका उंच दांडीला बाटली उलटी टांगलेली असते आणि तिच्यातील पाण्यासारखा स्वच्छ द्रव बारीक नळीतून थेंब थेंब त्याच्या शिरेत उतरत असतो. आपण अशा द्रवाला सरसकट सलाईन म्हणतो. परंतु सर्व बाटल्यांतील द्रव एकसारखा नसतो. पुष्कळदा बाटलीवर रिंगर लॅक्टेट असे नाव छापलेले आढळते. रुग्णालयातील माणसे घाईच्या वेळी त्याला नुसते आर. एल. म्हणतात. रिंगर हे नाव कोठून आले, असा प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडतो. ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे. त्यांच्या हातून एक चूक घडली. ती त्यांनी स्वतः शोधून काढली, साऱ्या जगापुढे मांडली, आणि त्या चुकीच्या पोटातूनच एक थोर शोध जन्माला आला. त्या डॉक्टरांची ही जीवनकथा आहे.

सिडनी रिंगर यांचा जन्म इ. स. १८३५ च्या सुमारास इंग्लंडमधील नॉर्विच या गावी झाला. घराणे व्यापाऱ्यांचे होते. सिडनी लहान असतानाच त्याचे वडील वारले आणि मुलांना वाढविण्याचा भार आईवर पडला. या घरातील मुले पुढे मोठी कर्तबगार निघाली. सिडनीचा धाकटा भाऊ फ्रेडरिक समुद्र ओलांडून पूर्वेकडे गेला आणि जपानमधील नागासाकी बंदरात त्याने मोठा व्यापार उभारला. सिडनीची ओढ मात्र व्यापाराकडे नव्हती. त्याला वैद्यकाने मोह घातला होता. १८५४ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला आणि १८६० साली वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडला. बाहेर पडला असे म्हणायचे इतकेच. कारण त्या कॉलेजच्या रुग्णालयातच रिंगर यांनी आपले पुढील सारे आयुष्य वेचले. निवासी डॉक्टर म्हणून ते तेथे राहिले, मुख्य डॉक्टरांपैकी एक झाले, प्राध्यापक झाले आणि १९०० साली निवृत्त होईपर्यंत त्याच वास्तूत ते रोगी तपासत व विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले.

त्या काळी औषधांविषयीचे ज्ञान फार तोकडे होते. अनेक औषधे केवळ परंपरेने दिली जात. कोणते औषध शरीरात जाऊन नेमके काय करते, हे सांगणे कठीण होते. रिंगर यांना ही गोष्ट खटके. रोग्याच्या खाटेजवळ बसून ते बारकाईने निरीक्षण करीत. नाडी किती पडते, ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, औषध दिल्यावर काय पालट होतो, हे सारे ते टिपून ठेवीत. या अनुभवाच्या आधारे त्यांनी औषधोपचारांवर एक ग्रंथ लिहिला. तो १८६९ साली प्रसिद्ध झाला आणि इतका लोकप्रिय ठरला की १८९७ पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. तरुण डॉक्टरांच्या टेबलावर तो ग्रंथ हमखास असे. रिंगर यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

एवढ्यावर समाधान मानणारा दुसरा कोणी असता, तर त्याने उरलेले आयुष्य सुखाने घालविले असते. रिंगर यांना मात्र आपल्या ज्ञानातील उणीव दिसत होती. औषधाचा परिणाम रोग्यावर होतो हे खरे. पण शरीरात शेकडो क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात. त्या गुंत्यातून एकच धागा ओढून कसा पाहावा? त्यासाठी प्रयोगशाळेत गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. रुग्णालयातील काम आणि खाजगी रोगी यांच्यामध्ये जो थोडा वेळ हाती लागे, तो ते कॉलेजच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवू लागले. त्यांच्यासाठी तेथे कोणी मोठी यंत्रसामग्री मांडून ठेवली नव्हती. एक छोटे उपकरण, काही क्षार, स्वच्छ पाणी आणि बेडकाचे हृदय, एवढेच त्यांचे साहित्य होते.

या सुमारास त्यांच्या घरावर एक दुःखाचा आघात झाला होता. १८६७ साली रिंगर यांचा विवाह ॲन डार्ली यांच्याशी झाला होता आणि त्यांना दोन मुली झाल्या होत्या. त्यांपैकी थोरली ॲनी बालवयातच मरण पावली. रिंगर हे काही काळ मुलांच्या रुग्णालयातही डॉक्टर होते. इतरांच्या लेकरांना बरे करण्यासाठी झटणाऱ्या या पित्याला स्वतःच्या लेकीचा वियोग सोसावा लागला. यॉर्कशर परगण्यात लास्टिंगहॅम नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार रिंगर पतिपत्नींनी मुलीच्या स्मरणार्थ १८७९ साली करविला. दुःख त्यांनी मनात ठेवले आणि ते पुन्हा कामाला लागले.

आता त्यांच्या प्रयोगाकडे वळू. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले, तरी ते लगेच थांबत नाही. योग्य द्रवात ठेवले आणि तोच द्रव त्याच्या पोकळीतून खेळविला, तर ते कितीतरी वेळ आकुंचन व प्रसरण पावत राहते. हृदयाचा प्रत्येक ठोका उपकरणाच्या साहाय्याने रेषेच्या रूपात कागदावर उमटविता येतो. ठोका जोरदार असेल, तर रेषा उंच चढते. ठोका मंद झाला की तिची उंची घटते. या रेषा वाचून रिंगर हृदयाची स्थिती जाणून घेत. रक्तात अनेक पदार्थ असतात. त्यांतील कोणत्या पदार्थामुळे हृदय धडधडते, हे त्यांना ठरवावयाचे होते. म्हणून रक्ताऐवजी साधे मिठाचे पाणी घ्यावयाचे आणि त्यात एकेक पदार्थ घालून हृदय कसे वागते हे पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती.

मिठाचे पाणी तयार करावयाचे, तर पाणी अगदी शुद्ध हवे. त्यासाठी पाणी उकळून त्याची वाफ करतात व ती थंड करून पुन्हा पाणी मिळवितात. यालाच ऊर्ध्वपातित पाणी म्हणतात. अशा पाण्यात कोणताही क्षार उरत नाही. हे पाणी मिळविण्यास वेळ लागतो आणि काम कंटाळवाणे असते. रिंगर यांच्या प्रयोगात बेडकाचे हृदय अशा मिठाच्या पाण्यात उत्तम चालले. त्यात पोटॅशियमचा किंचित अंश घातला की तर ठोके फारच चांगले पडत. रिंगर यांनी या प्रयोगांवर लेख लिहिला आणि १८८२ साली तो शरीरशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. हृदयाला चालू ठेवण्यास मीठ आणि पोटॅशियम पुरेसे आहेत, असे त्या लेखावरून दिसत होते.

लेख तर छापला गेला. परंतु पुढे रिंगर यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. प्रयोगासाठी जे मिठाचे पाणी वापरले होते, ते ऊर्ध्वपातित पाण्यापासून केलेले नव्हतेच. ते लंडनच्या नळाच्या पाण्यापासून केलेले होते! हे कसे घडले, याविषयी एक हकीकत पुढील पिढीतील थोर शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी सांगून ठेवली आहे. प्रयोगशाळेत एक मदतनीस पोरगा होता. पाणी उकळत आणि ठिबकवीत बसण्याचा त्याला कंटाळा आला. नळाचे पाणी दिले तर डॉक्टरांना काय कळणार आहे, असा विचार करून त्याने सरळ नळाखाली भांडे धरले. हाच पोरगा पुढे प्रयोगशाळेतच वयाने मोठा झाला आणि त्यानेच डेल यांना ही गंमत सांगितली.

चूक पोराच्या आळसाची असो वा आणखी कशाची, तिचे उत्तरदायित्व लेखकावरच येते. रिंगर त्या वेळी पन्नाशीच्या जवळ आले होते. ते प्राध्यापक होते; त्यांचा ग्रंथ देशोदेशी वाचला जात होता. छापलेला लेख चुकीच्या पायावर उभा आहे, हे अन्य कोणालाही ठाऊक नव्हते. ते गप्प बसले असते, तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. मोठेपणा मिळालेल्या माणसाला स्वतःची चूक उघड करणे किती जड जाते, हे आपण नेहमीच पाहतो. रिंगर यांच्यापुढे दोन वाटा होत्या. त्यांनी सरळ वाट धरली.

त्यांनी लगेच खऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ घालून प्रयोग पुन्हा केला. काय आश्चर्य! जे हृदय नळाच्या पाण्यात तासन् तास चालत होते, ते शुद्ध पाण्यात थोड्याच वेळात क्षीण झाले. कागदावरील रेषा ठेंगण्या होत गेल्या आणि शेवटी हृदय थांबले. पाणी जितके शुद्ध, तितके हृदय दुबळे! याचा अर्थ एकच होता. नळाच्या पाण्यात असे काहीतरी होते, की ज्यावाचून हृदयाचे चालत नव्हते.

ते काय असावे? लंडनच्या त्या भागाला न्यू रिव्हर नावाच्या जुन्या कालव्यातून पाणीपुरवठा होत असे. हा कालवा १६१३ साली पुरा झाला होता आणि लंडनच्या उत्तरेकडील झऱ्यांचे पाणी त्याने शहरात आणले होते. ते झरे खडूच्या दगडांतून झिरपत येतात. खडू म्हणजे चुन्याचाच एक प्रकार. म्हणून त्या पाण्यात चुना, म्हणजेच कॅल्शियमचे क्षार, विरघळलेले असत. त्यांचे प्रमाण अगदी अल्प होते. पाण्याच्या दहा लक्ष भागांत कॅल्शियमचे भाग सुमारे ३८ होते. जिभेला ज्याची चवही लागू नये, इतका तो अंश! रिंगर यांनी शुद्ध मिठाच्या पाण्यात कॅल्शियमचा तेवढाच अंश घातला. मंदावलेले हृदय पुन्हा जोमाने आकुंचन पावू लागले.

१८८३ साली रिंगर यांनी दुसरा लेख प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच त्यांनी आपली चूक निःसंकोचपणे सांगून टाकली. आधीच्या प्रयोगातील पाणी नळाचे होते, त्यामुळे निघालेले निष्कर्ष बरोबर नव्हते, आणि शुद्ध पाण्यात तसे परिणाम मिळत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट नमूद केले. त्यांनी दोष कोणा मदतनिसाच्या माथी मारला नाही, की सबबी सांगितल्या नाहीत. आणि मग त्या चुकीने दाखविलेले सत्य त्यांनी पुढे मांडले: स्नायूच्या आकुंचनाला कॅल्शियमची गरज असते.

तोपर्यंत कॅल्शियम म्हटले की लोकांना हाडे आणि दात यांचीच आठवण होई. आपल्या शरीरातील कॅल्शियमपैकी शंभरातील नव्व्याण्णव भाग हाडांत व दातांत असतात, हे खरेच आहे. परंतु उरलेला एक भाग किती मोलाचा आहे, हे रिंगर यांच्या प्रयोगाने दाखवून दिले. घराच्या भिंतीला लागणारा चुना जीवनाच्या ठोक्यालाही लागतो, ही कल्पना त्या काळी नवीन होती.

रिंगर येथेच थांबले नाहीत. कॅल्शियम चांगले, तर ते भरपूर घालावे, असे कोणालाही वाटेल. पण तसे केल्यावर हृदय आकुंचन पावून तसेच आखडून राही. त्याला मोकळे होता येईना. पोटॅशियम अधिक झाले, तर उलट घडे; हृदय सैल पडून थांबे. दोहोंचे प्रमाण बरोबर साधले, म्हणजेच हृदय नियमितपणे आवळे व सैल होई. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम या तिघांचे प्रमाण जमवून रिंगर यांनी एक द्रव तयार केला. रिंगर-द्रव या नावाने तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. शरीराबाहेर काढलेले अवयव जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करणे त्यामुळे शक्य झाले. याच सुमारास त्यांनी लहान माशांवरही प्रयोग केले. ऊर्ध्वपातित पाण्यात सोडलेले मासे काही तासांत मरत. पाण्यात चुन्याचा अंश असला, म्हणजे ते कितीतरी अधिक जगत. १८८५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने रिंगर यांना आपले सदस्य करून त्यांचा गौरव केला.

यानंतर रिंगर हातापायांच्या स्नायूंकडे वळले. हृदय आपल्या इच्छेवाचून चालते. पण चेंडू फेकावा, पायऱ्या चढाव्या, लेखणी धरावी, असे मनात येताच जे स्नायू काम करतात, ते हाडांना जोडलेले असतात. त्यांना अस्थिस्नायू असे म्हणतात. हे स्नायूही हृदयाप्रमाणेच वागतात काय? रिंगर यांनी १८८७ साली बक्स्टन या सहकाऱ्यासह हृदय आणि अस्थिस्नायू यांची तुलना करणारा लेख प्रसिद्ध केला. काही बाबतींत दोन्ही स्नायू सारखे वागत, तर काही बाबतींत वेगळे. कॅल्शियम नसलेल्या द्रवात हृदय लवकर थांबते. बेडकाच्या पायाचा स्नायू मात्र अशा द्रवातही काही काळ आकुंचन पावू शकतो. मग अस्थिस्नायूला कॅल्शियम लागतच नाही काय? की ते त्याला आणखी कोठून मिळते? हे कोडे सुटण्यास फार वर्षे लागावयाची होती. रिंगर यांच्या काळी स्नायूच्या अंतरंगात डोकावण्याची साधनेच नव्हती.

१९०० साली रिंगर निवृत्त झाले आणि लास्टिंगहॅम येथे राहावयास गेले. ज्या गावच्या चर्चशी त्यांच्या लाडक्या लेकीची आठवण निगडित होती, त्याच गावी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे शांतपणे घालविली. १४ ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

माणूस जातो, त्याने विचारलेला प्रश्न मागे राहतो. रिंगर यांच्या मागे तो प्रश्न अनेक देशांतील संशोधकांनी हाती घेतला. १९४७ साली अमेरिकेतील हायलब्रन आणि व्हिएर्चिन्स्की या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायुतंतूच्या आत निरनिराळे क्षार टोचून पाहिले. शरीरात नेहमी आढळणाऱ्या क्षारांपैकी केवळ कॅल्शियमनेच तो तंतू आखडला. म्हणजे अस्थिस्नायूलाही कॅल्शियम लागतेच; मात्र ते आत लागते. १९६० नंतरच्या दशकात जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी स्नायूतील एक प्रथिन शोधून काढले. स्नायूत अत्यंत बारीक तंतू एकमेकांवर सरकतात, म्हणून स्नायू आखूड होतो. विश्रांतीच्या वेळी त्यांच्या मार्गात अडसर घातलेला असतो. कॅल्शियम एबाशींच्या प्रथिनाला जाऊन चिकटले, की तो अडसर दूर होतो आणि तंतू सरकू लागतात.

मग हे कॅल्शियम येते कोठून? आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली असते. बाहेर बाजार बंद असला, तरी घरातील चूल पेटते. अस्थिस्नायूचेही तसेच आहे. प्रत्येक स्नायुतंतूच्या आत कॅल्शियम साठविणाऱ्या बारीक पिशव्यांचे जाळे असते. १९७२ साली शास्त्रज्ञांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूभोवतालचे कॅल्शियम जवळजवळ पूर्णपणे काढून घेतले. तरीही विजेचा सूक्ष्म धक्का देताच तो तंतू कितीतरी मिनिटे आकुंचन पावत राहिला. घरची कणगी भरलेली होती, म्हणूनच हे घडले.

कणगी भरलेली असली, तरी तिचे तोंड योग्य वेळी उघडावे लागते. मनात येते, हात उचलावा. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचतो आणि तंतूच्या आवरणावरून विजेची एक लहर धावत जाते. त्या आवरणात प्रथिनांची बनलेली इवलीशी द्वारे बसविलेली असतात. त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. हृदयात ही द्वारे विजेच्या लहरीने उघडतात, बाहेरचे थोडे कॅल्शियम आत येते, आणि ते आतील साठ्याला जागे करते. म्हणूनच बाहेरचे कॅल्शियम संपले, की हृदय थांबते. अस्थिस्नायूत तेच काम निराळ्या रीतीने होते. तेथील द्वार जणू दारावर उभा असलेला जागल्या आहे. विजेची लहर येताच तो स्वतःच हलतो आणि आतल्या कणगीचे झाकण उघडवितो. बाहेरून काही आत येण्याची वाट पाहत नाही. कॅल्शियम बाहेर पडते, तंतू सरकतात, हात उचलला जातो. काम झाले, की सूक्ष्म पंप कॅल्शियम परत पिशव्यांत भरतात आणि स्नायू सैल पडतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

या जागल्याचे महत्त्व १९८८ साली लखलखीतपणे सिद्ध झाले. काही उंदरांत जन्मतःच या द्वारप्रथिनाचा अभाव असतो. त्यांचे स्नायू दिसावयास असतात, परंतु आकुंचन पावू शकत नाहीत. जपान व अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी अशा उंदरांच्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांत या प्रथिनाचा जनुक घातला. मुकाट पडून असलेल्या त्या पेशी आकुंचन पावू लागल्या. रिंगर यांनी पाहिलेला हृदय आणि अस्थिस्नायू यांच्यातील भेद कशामुळे होता, हे अशा प्रकारे सुमारे शंभर वर्षांनी उलगडले.

आता आपण आरंभीच्या बाटलीकडे परत येऊ. जुलाब, वांत्या किंवा रक्तस्राव झाला, म्हणजे शरीरातील पाण्याबरोबर क्षारही निघून जातात. नुसते शुद्ध पाणी शिरेत घालणे घातक असते. रक्तातील क्षारांशी जुळणारा द्रव हवा असतो. रिंगर यांनी तसा द्रव बेडकाच्या हृदयासाठी तयार केला होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यात लॅक्टेट हा पदार्थ मिळविला आणि आजारी मुलांवर त्याचा उपयोग केला. पटकीने अंगातील पाणी आटून गेलेल्या रोग्यांना या द्रवाने मरणाच्या दारातून परत आणले आहे. आजही गावोगावच्या दवाखान्यांत तो वापरला जातो. स्वतःच्या लेकीला वाचवू न शकलेल्या त्या डॉक्टरांचे नाव धारण करणाऱ्या बाटलीने किती जणांची लेकरे वाचविली असतील, याची गणती कोण करणार?

रिंगर यांच्या जीवनात रोमांचकारक साहसे नाहीत. त्यांनी समुद्र ओलांडले नाहीत, की रणांगणे गाजविली नाहीत. सकाळी रुग्णालय, मधल्या फावल्या वेळात प्रयोगशाळा, हाच त्यांचा दिनक्रम होता. नळाचे पाणी ज्या दिवशी चुकून भांड्यात भरले गेले, त्या दिवशी नशिबाने त्यांच्या हाती एक ठेवा दिला, असे कोणी म्हणेल. परंतु तो ठेवा चुकीच्या मातीखाली पुरलेला होता. चूक झाकून ठेवली असती, तर ठेवाही तेथेच गाडलेला राहिला असता. ती माती स्वतःच्या हाताने उकरण्याचे धैर्य रिंगर यांच्यापाशी होते.

पुढे कधी रुग्णालयात ती बाटली थेंब थेंब गळताना दिसली, तर तिच्यावरील नाव अवश्य वाचा.